फेलओव्हरचं नाव फुकट, जोडीचं मशीन दुप्पट

निपाणी, चिकोडी, संकेश्वर, बेळगाव या पट्ट्यातल्या पतसंस्था, सौहार्द संस्था, तंबाखूच्या वखारी आणि बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्र्या आपलं सॉफ्टवेअर ऑफिसातल्या सर्व्हरवरून उचलून क्लाउडवर नेत आहेत. कोटेशन कोल्हापूर-पुण्याहून येतं, नाहीतर हुबळी-बेंगळुरूहून. त्यात डेटाबेसची एक ओळ असते आणि तिच्या खाली आणखी एक: 'हाय अव्हेलेबिलिटी', 'मल्टी-एझेड' किंवा सरळ 'फेलओव्हर'. ही दुसरी ओळ घेतली की डेटाबेसचा खर्च दुप्पट होतो. संचालक मंडळाच्या बैठकीत मग प्रश्न निघतो, हे घ्यायलाच हवं का? आणि सॉफ्टवेअरवाला सांगतो, "साहेब, सर्व्हर पडला तरी तुम्हाला कळणारसुद्धा नाही."

हे अर्धंच खरं आहे. क्लाउड कंपनी आपला भाग चोख करते, पण उरलेला भाग तुमच्या सॉफ्टवेअरवाल्याला करावा लागतो. तो त्यानं केला नसेल तर दुप्पट बिल भरूनही शाखेत कॅश काउंटरसमोर रांग थांबते. म्हणून पैसे कशाचे लागतात, कशाचे लागत नाहीत आणि दिलेले पैसे वाया कुठे जातात, हे आधी पाहून घ्या.

नाव आणि त्यामागचं मशीन

क्लाउडवर डेटाबेस घेतला की तुमच्या हातात एक लांबलचक नाव पडतं. त्याला एंडपॉइंट म्हणतात. तुमचं सॉफ्टवेअर या नावाला हाक मारतं, डीएनएस त्या नावाचा आकडी पत्ता, म्हणजे आयपी, शोधून देतं आणि जोडणी होते. फेलओव्हर घेतलेला असेल तर मागे दोन मशीन असतात: एक चालू आणि एक राखीव. चालू मशीन बंद पडलं की क्लाउड कंपनी राखीव मशीनला पुढे आणते आणि त्याच नावापुढचा आयपी बदलते. दुकान शेजारच्या गाळ्यात हलवलं तरी पाटी तीच राहावी, तसं हे आहे. गिऱ्हाईक पाटी वाचून आलं तर पोहोचतं, गाळा नंबर पाठ करून आलं तर बंद शटरसमोर उभं राहतं.

ॲमेझॉनच्या आरडीएस सेवेत मल्टी-एझेड घेतलं तर हा बदल साधारण ६० ते १२० सेकंदांत होतो. मोठा व्यवहार अर्धवट राहिला असेल तर त्याहून जास्त लागू शकतो. त्या नावाचा आयपी किती वेळ लक्षात ठेवायचा, याची मुदत कंपनीनं फक्त ५ सेकंदांची ठेवली आहे. मायक्रोसॉफ्टच्या अझुर एसक्यूएलमध्ये 'फेलओव्हर ग्रुप' केला की वाचन-लेखनासाठी एक कायमचं नाव मिळतं, त्याची मुदत ३० सेकंद. गूगलच्या क्लाउड एसक्यूएलची रीत वेगळी आहे. तिथे एकाच विभागातला फेलओव्हर झाला तर आयपी बदलतच नाही, राखीव मशीन तोच पत्ता घेऊन उभं राहतं. दुसऱ्या शहरातल्या प्रतीवर जायचं असेल तरच नावाची गरज पडते. त्यासाठी एंटरप्राइज प्लस या महाग श्रेणीत 'राइट एंडपॉइंट' नावाची सोय आहे, जी नेहमी सध्याच्या मुख्य मशीनकडे बोट दाखवते.

ही मशीनं आहेत कुठे? ॲमेझॉनचा मुंबई विभाग २०१६ पासून आहे आणि हैदराबादचा २०२२ पासून. गूगलचे विभाग मुंबई आणि दिल्लीत आहेत. अझुरचा 'सेंट्रल इंडिया' म्हणजे पुणे, आणि त्याची जोड चेन्नईच्या 'साउथ इंडिया'शी आहे. निपाणीच्या माणसाला पुणे जवळचं वाटतं, पण मुंबई की पुणे यानं शाखेतल्या कामाला जाणवण्यासारखा फरक पडत नाही. अंतराकडे बघून विभाग निवडू नका. तुमच्या सॉफ्टवेअरवाल्याचा हात कशावर बसला आहे, ते बघा.

एक गोष्ट कोटेशनमध्ये कधीच लिहिलेली नसते. मल्टी-एझेडमधली दोन्ही मशीनं एकाच विभागात असतात, म्हणजे मुंबईतल्याच दोन वेगळ्या डेटा सेंटरांमध्ये. एका इमारतीची वीज गेली, आग लागली, मशीन जळालं तर दुसरी इमारत आहे. अख्खा मुंबई विभागच अडचणीत आला तर ही जोडी कामाची नाही. त्यासाठी हैदराबादला वेगळी प्रत ठेवावी लागते आणि तो तिसरा खर्च आहे. शिवाय मुंबईतल्या जोडीत प्रत्येक नोंद दोन्हीकडे पोहोचल्यावरच 'सेव्ह झालं' असं उत्तर येतं, म्हणून नक्की झालेली नोंद हरवत नाही. हैदराबादची प्रत मात्र थोडी मागून चालत असते. ऐनवेळी तिच्यावर गेलात तर शेवटच्या काही क्षणांतल्या नोंदी तिच्यात नसू शकतात.

खर्चाचा हिशोब

नावाला पैसे पडत नाहीत. एंडपॉइंट डेटाबेसबरोबर आपोआप येतो. अझुरचा फेलओव्हर ग्रुप करायलाही वेगळी फी नाही. दोन मशीनांमध्ये ॲमेझॉन जी नक्कल करते, त्या डेटाच्या वाहतुकीचंही बिल येत नाही. पैसे लागतात ते राखीव मशीनचे आणि त्याच्या डिस्कचे, आणि ते पूर्ण लागतात. राखीव मशीन वर्षभर नुसती नक्कल ठेवतं. त्याच्यावरून साधा रिपोर्टसुद्धा काढता येत नाही. तरी दर तासाला त्याचं मीटर चालू असतं.

नमुन्यादाखल पाच शाखांच्या पतसंस्थेला पुरेल असं मशीन घेऊ: डीबी.टी४जी.मीडियम, २ व्हीसीपीयू, ४ जीबी मेमरी, पोस्टग्रेएसक्यूएल, ५० जीबी डिस्क. ॲमेझॉनच्या अमेरिकेतल्या उत्तर व्हर्जिनिया विभागाचा छापील दर तासाला ०.०६५ डॉलर आहे. महिन्याचे ७३० तास धरले तर ४७.४५ डॉलर होतात. डिस्कचे जीबीमागे ०.११५ डॉलरप्रमाणे ५.७५ डॉलर. हिशोबासाठी डॉलर ९० रुपयांचा धरला तर ४,७८८ रुपये आणि १८ टक्के जीएसटी मिळून महिना सुमारे ५,६५० रुपये. मल्टी-एझेड घेतलं की मशीनही दुप्पट, डिस्कही दुप्पट, म्हणजे सुमारे ११,३०० रुपये. वर्षाचा फरक ६८ हजारांच्या घरात जातो. मुंबईचा दर यापेक्षा वेगळा आहे. कंपनीच्या दर-कॅल्क्युलेटरमध्ये विभाग मुंबई निवडून तुमचा आकडा समोर काढून घ्या. कोटेशनमधला आकडा आणि कॅल्क्युलेटरचा आकडा यांत जो फरक निघेल तो सॉफ्टवेअरवाल्याच्या कामाचा मोबदला. तो त्यानं घ्यावा, त्यात गैर काही नाही, पण तो वेगळ्या ओळीत लिहिलेला असावा.

इतर खर्च किरकोळ आहेत, तरी माहीत असावेत. इंटरनेटवरून बाहेर जाणाऱ्या डेटाला पहिले १०० जीबी दरमहा मोफत आहेत. त्यापुढे मुंबई विभागात जीबीमागे ०.१०९३ डॉलर, म्हणजे दहा रुपयांच्या आत. रोजच्या व्यवहारात एवढा डेटा जात नाही, पण कोणी रोज संपूर्ण बॅकअप ऑफिसच्या कॉम्प्युटरवर उतरवून घेत असेल तर हा आकडा फुगतो. सार्वजनिक आयपी घेतला तर फेब्रुवारी २०२४ पासून तासाला ०.००५ डॉलर लागतात, महिन्याला सव्वातीनशे रुपये. फेलओव्हरच्या वेळी जोडण्या धरून ठेवणारी 'आरडीएस प्रॉक्सी' नावाची सेवा आहे. व्हर्जिनियाच्या दरानं दोन व्हीसीपीयूला ती महिन्याला सुमारे २२ डॉलरला, म्हणजे जीएसटीआधी दोन हजार रुपयांना पडते. पाच शाखांच्या संस्थेला तिची गरज नाही. सॉफ्टवेअर नीट लिहिलेलं असेल तर ते काम फुकटात होतं.

खर्च कमी करायला आणखी एक युक्ती सुचवली जाते: रात्री डेटाबेस बंद ठेवायचा. बंद काळात मशीनचे पैसे वाचतात, डिस्कचे नाहीत. आणि आरडीएसचं मशीन सात दिवसांपेक्षा जास्त बंद ठेवता येत नाही, ते आपोआप चालू होतं. दिवसअखेर, व्याज आकारणी, एसएमएस ही कामं रात्री चालत असतील तर या युक्तीच्या नादी लागू नका. त्यापेक्षा वर्षाचा करार करून आरक्षित दर घ्या. पण आधी तीन-चार महिने मोकळ्या दरानं चालवून मशीन पुरतं की नाही ते पाहा. एकदा करार झाला की लहान-मोठं करणं अडचणीचं होतं.

दिलेले पैसे वाया कुठे जातात

यासाठीच हा लेख लिहायला घेतला. दोन मशीनं मुंबईत सज्ज आहेत, नावापुढचा आयपी दोन मिनिटांत बदलला आहे, आणि तरी निपाणीच्या शाखेत स्क्रीन गोठलेली आहे. याची कारणं नेहमीचीच असतात.

पहिलं कारण सर्वांत साधं. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये नाव न लिहिता आयपी लिहिलेला असतो. बसवताना कोणीतरी नावाचा आयपी शोधला, तो टाकला, चाललं, आणि फाइल तशीच राहिली. कधी हा आयपी शाखेच्या कॉम्प्युटरमधल्या होस्ट्स फाइलीत दडलेला असतो. वर्षभर काही बिघडत नाही. बिघडतं ते नेमकं फेलओव्हरच्या दिवशी. यावर उपाय तुम्ही स्वतः करू शकता: सॉफ्टवेअरवाल्याला सेटिंगची फाइल उघडून दाखवायला सांगा. डेटाबेसच्या पत्त्याच्या जागी टिंबांनी जोडलेले चार आकडे दिसले तर ते बदलून घ्या. तिथे अक्षरी नाव असलं पाहिजे.

दुसरं कारण, सॉफ्टवेअर नाव विचारतं, पण उत्तर लक्षात ठेवून बसतं. जावात लिहिलेल्या प्रोग्रामला ही सवय आहे. काही जुन्या मांडणीत तो एकदा मिळालेला आयपी प्रोग्राम बंद होईपर्यंत सोडत नाही. नेटवर्कॲड्रेस-कॅशे-टीटीएल नावाची सेटिंग आहे, ती ६० सेकंदांच्या आत ठेवावी, असं ॲमेझॉन स्वतः सांगते. डेटाबेसनं मुदत ५ सेकंदांची दिली आणि प्रोग्रामनं ती पाळली नाही, तर चूक डेटाबेसची नाही.

तिसरं कारण सर्वांत छुपं आहे. मशीन अचानक मेलं तर ते निरोप घेऊन जात नाही. तुमच्या सॉफ्टवेअरची जुनी जोडणी उघडीच दिसते आणि ते उत्तराची वाट बघत राहतं. लिनक्सच्या मूळ सेटिंगमध्ये ही वाट पंधरा मिनिटांच्या वर जाऊ शकते. म्हणजे मुंबईत दोन मिनिटांत सगळं सुरळीत झालेलं असतं आणि इथे पाव तास काउंटर बंद असतो. शेवटी कोणीतरी वैतागून सर्व्हर रीस्टार्ट करतो, सगळं चालू होतं आणि दोष 'नेट'वर जातो. जोडणीला आणि प्रत्येक प्रश्नाला मुदत घालून देणं, मुदत संपली की जोडणी टाकून नवीन घेणं, एवढं करायचं असतं. काम काही तासांचं आहे. कोटेशनच्या वेळीच मागितलं तर त्याचे वेगळे पैसे बहुधा मागितले जाणार नाहीत. नंतर मागितलं तर मागितले जातील.

पिग्मी एजंटाची दुहेरी पावती

सीमाभागातल्या संस्थेला फेलओव्हरचा खरा फटका कुठे बसतो ते पिग्मीत, म्हणजे एजंटानं दारोदार फिरून गोळा केलेल्या रोजच्या ठेवीत, दिसतं. एजंट अक्कोळ किंवा बोरगावच्या बाजारपेठेत फिरतो आहे. दुकानदारानं दोनशे रुपये दिले, एजंटानं मोबाइलवर 'सेव्ह' दाबलं आणि त्याच क्षणी मुंबईतलं मशीन बदललं. स्क्रीनवर गोल फिरत राहिलं, मग 'एरर' आली. एजंटानं पुन्हा दाबलं. आता दोन शक्यता आहेत. पहिली नोंद पोहोचलीच नसेल तर दुसऱ्या दाबण्यानं ती झाली, सगळं ठीक. पण पहिली नोंद डेटाबेसात नक्की होऊन फक्त 'झालं' हे उत्तर परत येताना तुटलं असेल, तर एकाच दोनशे रुपयांच्या दोन पावत्या झाल्या. संध्याकाळी एजंटाची रोकड दोनशेनं कमी भरते, मॅनेजर त्याच्याकडे संशयानं बघतो, आणि त्या बिचाऱ्याला आपली चूक काय तेच कळत नाही.

यावर इलाज मशीनमध्ये नाही, पावती क्रमांकात आहे. प्रत्येक पावतीचा क्रमांक एजंटाच्या मोबाइलवरच तयार व्हावा आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर डेटाबेसनं तो नाकारावा. मग एजंटानं दहा वेळा दाबलं तरी नोंद एकच होते. खरेदीपूर्वी सॉफ्टवेअरवाल्याला एकच तांत्रिक प्रश्न विचारायचा असेल तर हा विचारा: "मधेच तुटलं आणि एजंटानं पुन्हा सेव्ह दाबलं, तर किती पावत्या होतील?" ज्याला याचं उत्तर लगेच देता येत नाही, त्याच्याकडून दुप्पट दराचा डेटाबेस घेऊ नका.

आपल्याकडची लाइन

आता कडू गोष्ट. बेळगाव-निपाणीच्या ऑफिसातून डेटाबेस 'दिसत नाही' तेव्हा दोष मुंबईतल्या मशीनचा असण्यापेक्षा आपल्या लाइनचा असण्याची शक्यता कितीतरी जास्त. रस्त्याच्या कामात जेसीबीनं फायबर तोडली, पावसाळ्यात हेस्कॉमची वीज गेली आणि राउटरचा यूपीएस अर्ध्या तासात बसला, असे प्रसंग सर्वांच्या ओळखीचे आहेत. ज्या संस्थेकडे अजून एकच ब्रॉडबँड लाइन आहे, तिनं डेटाबेसच्या फेलओव्हरवर रुपयाही खर्च करू नये. आधी दुसऱ्या कंपनीची लाइन घ्यावी. शक्यतो एक फायबर आणि एक मोबाइल डेटावर चालणारी, म्हणजे दोन्ही एकाच खड्ड्यात तुटणार नाहीत. राउटरला बॅटरी द्यावी. हे सगळं मिळून राखीव मशीनच्या वार्षिक ६८ हजारांपेक्षा बरंच कमी लागतं.

इथेही एक गोम आहे. डेटाबेस सुरक्षित राहावा म्हणून त्याच्या फायरवॉलमध्ये फक्त तुमच्या ऑफिसचा स्थिर आयपी मान्य केलेला असतो. फायबर तुटली, राउटर मोबाइल डेटावर गेला, इंटरनेट चालू आहे, व्हॉट्सॲप चालतं, पण डेटाबेस दार उघडत नाही, कारण आता तुम्ही वेगळ्या आयपीवरून येत आहात. मग घाईत कोणीतरी फायरवॉल सगळ्या जगाला उघडी करून टाकतो आणि ती तशीच राहून जाते. हे अत्यंत धोक्याचं आहे. शाखेतल्या कॉम्प्युटरनं डेटाबेसशी थेट बोलूच नये. मधे क्लाउडवर ॲप्लिकेशन सर्व्हर असावा, शाखांनी त्याच्याशी ब्राउझरमधून किंवा व्हीपीएनमधून बोलावं, आणि डेटाबेसचं दार फक्त त्या सर्व्हरला उघडावं. असं केलं की नाव बदलण्या-ओळखण्याचा सगळा मामला त्या एका सर्व्हरपुरता उरतो. पाच शाखांतले पंचवीस कॉम्प्युटर तपासत बसावं लागत नाही.

जोडी म्हणजे बॅकअप नव्हे

राखीव मशीन चालू मशीनची हुबेहूब नक्कल करतं, चुकांसकट. क्लार्कनं एका सभासदाचं खातं चुकून पुसलं तर क्षणात ते दोन्हीकडून पुसलं जातं. कोणी घुसून डेटा कुलूपबंद केला तर दोन्हीकडचा होतो. जुलै २०२४ च्या अखेरीस, लहान बँकांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं त्या कंपनीला पेमेंटच्या जाळ्यातून तात्पुरतं तोडलं आणि देशभरातल्या सुमारे ३०० लहान सहकारी व ग्रामीण बँकांचं यूपीआय आणि एटीएम थांबलं. अशा वेळी दोन मशीनांची जोडी काही उपयोगाची नसते.

चांगली गोष्ट अशी की बॅकअप स्वस्त आहे. आरडीएसमध्ये ३५ दिवसांपर्यंतचा आपोआप बॅकअप ठेवता येतो आणि डेटाबेसच्या आकाराएवढी बॅकअपची जागा फुकट मिळते. डेटा मागच्या कुठल्याही क्षणाला नेऊन ठेवता येतो, बहुतेक वेळा शेवटची पाच मिनिटं सोडून. मुदत ७ दिवसांवर ठेवलेली दिसली तर ती ३५ करून घ्या. महिन्यातून एक प्रत वेगळ्या खात्यात ठेवा, ज्याचा पासवर्ड रोजच्या माणसाकडे नसेल.

बॅकअप परत आणताना नावाचा प्रश्न पुन्हा येतो. परत आणलेला डेटाबेस नवीन मशीन म्हणून उभा राहतो आणि त्याला नवीन नाव मिळतं. सॉफ्टवेअर जुन्याच नावाला हाक मारत बसतं. जुन्या मशीनचं नाव बदलून नव्याला जुनं नाव देता येतं, पण हे आधी एकदा करून पाहिलेलं असलं पाहिजे. काही जण आपल्या डोमेनवर वेगळं नाव करून ते क्लाउडच्या नावाकडे वळवतात. सोय चांगली आहे, पण क्लाउड कंपनीचं सुरक्षा-प्रमाणपत्र तिच्या नावानं असतं. त्यामुळे कडक तपासणी चालू असेल तर जोडणी नाकारली जाते. मग कोणीतरी तपासणीच बंद करतो. ती बंद करू देऊ नका. नाव बदलण्याची पहिलीच रीत बरी.

स्वस्तातला जुगाड

कधी कधी असाही प्रस्ताव येतो: "दोन साधे सर्व्हर घेऊ, रूट ५३ वर हेल्थ चेक लावू, एक पडला की नाव आपोआप दुसऱ्याकडे जाईल. महिन्याला शंभर-सव्वाशे रुपये." रूट ५३ ही ॲमेझॉनची डीएनएस सेवा. आकडा खरा आहे. झोनचे अर्धा डॉलर, बाहेरच्या सर्व्हरच्या तपासणीचे पाऊण डॉलर. वेबसाइटसाठी ही रीत उत्तम आहे. डेटाबेससाठी ती घातक आहे, कारण ती फक्त नाव हलवते, डेटा हलवत नाही. तपासणी ३० सेकंदांनी एकदा होते आणि तीनदा चुकली की नाव वळतं. समजा पहिला सर्व्हर मेला नव्हता, फक्त त्याची लाइन दोन मिनिटं अडखळली होती. आता काही शाखा जुन्यावर नोंदी करताहेत आणि काही नव्यावर. संध्याकाळी दोन वेगवेगळ्या कॅशबुका तयार. त्या जुळवायला हिशेबनिसाचे आठवडे जातात, आणि लेखापरीक्षणात विचारलं तर उत्तर नाही. बँकिंगचा, ठेवींचा डेटा असेल तर हा जुगाड नाकारा, कितीही ओळखीच्या माणसानं सुचवला तरी.

नावाची व्यवस्थाही कधी कोसळते. २० ऑक्टोबर २०२५ ला ॲमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनिया विभागात डायनॅमोडीबी सेवेच्या नावापुढची नोंद, आपोआप चालणाऱ्या यंत्रणेतल्या दोषामुळे, रिकामी झाली. मशीनं चालू होती, पण त्यांच्यापर्यंत पोहोचायचं नाव कुठेच नेत नव्हतं, आणि जगभरातल्या कितीतरी सेवा तासन्‌तास बंद राहिल्या. म्हणून शाखेत छापील पावतीपुस्तक आणि सकाळी काढलेली शिल्लक यादी ठेवाच. ती जुनाट पद्धत नाही.

मग कोणी घ्यावं?

माझं मत स्पष्ट आहे. दिवसभर काउंटरवर आणि मोबाइलवर व्यवहार चालणाऱ्या पतसंस्थेनं, सौहार्द किंवा मल्टीस्टेट संस्थेनं घ्यावं, पण दुसरी लाइन आणि बॅकअप झाल्यावर. तंबाखूच्या वखारीला, अडत दुकानाला, फाउंड्रीच्या स्टॉक रजिस्टरला साधा एक मशीनचा डेटाबेस आणि चांगला बॅकअप पुरतो. तासभर बंद पडला तर वजनकाटा थांबत नाही, नोंद कागदावर होते आणि नंतर चढवता येते. प्राथमिक कृषी पतसंस्थांचा प्रश्न वेगळा आहे. केंद्राच्या २०२२ च्या संगणकीकरण योजनेत आलेल्या संस्थांना ठरलेलं सामाईक सॉफ्टवेअर मिळतं, ही निवड त्यांच्या हातात नाही.

हमीचा आकडाही वाचायला शिका. आरडीएस मल्टी-एझेडची हमी महिन्याला ९९.९५ टक्के आहे, म्हणजे महिन्यात २१-२२ मिनिटं बंद राहिलं तरी कंपनी शब्द पाळते. एका मशीनची हमी ९९.५ टक्के, म्हणजे साडेतीन तासांच्या वर. हमी मोडली तरी नुकसानभरपाई मिळत नाही, फक्त बिलात सूट मिळते. ९९.९५ च्या खाली आणि ९९ च्या वर असेल तर १० टक्के. आपल्या नमुन्यातल्या करापूर्वीच्या बिलावर ती सूट हजार रुपयांच्या आत येते. तीही मागितल्याशिवाय मिळत नाही.

बिल, जीएसटी आणि खातं

सीमेवर राहणाऱ्याला जीएसटीकडे जरा जास्त बघावं लागतं. तुम्ही निपाणीत आणि सॉफ्टवेअरवाला कोल्हापूरचा, तर बिलावर १८ टक्के आयजीएसटी. तो बेळगाव-हुबळीचा असेल तर ९ आणि ९. रक्कम तीच. पण ज्यांचं एक दुकान कागलमध्ये आणि एक निपाणीत आहे, त्यांच्याकडे २७ नं सुरू होणारा महाराष्ट्राचा आणि २९ नं सुरू होणारा कर्नाटकाचा असे दोन क्रमांक असतात. क्लाउडच्या खात्यात चुकीचा क्रमांक भरला गेला तर क्रेडिट चुकीच्या राज्यात जाऊन बसतं. पतसंस्थेला तर वेगळाच हिशोब करावा लागतो. कर्जावरच्या व्याजाला जीएसटी नाही, म्हणून त्या उत्पन्नाच्या वाट्याचं क्रेडिट मिळत नाही. कोटेशनची तुलना करताना पतसंस्थेनं करासकट आकडा धरावा.

खातं संस्थेच्या ईमेलवर, संस्थेच्या नावानं असावं. सॉफ्टवेअरवाल्याला त्यात काम करण्याची परवानगी द्या, मालकी देऊ नका. कार्डावरून आपोआप भरणा लावला असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानं १५ हजारांच्या वरच्या रकमेला दर वेळी ओटीपी लागतो. फेलओव्हर घेतल्यावर डेटाबेस, ॲप्लिकेशन सर्व्हर आणि कर मिळून बिल नेमकं या रेषेपलीकडे जाऊ शकतं. ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतो, तो माणूस सुट्टीवर गेला तर काय, हे आधीच ठरवा. थकबाकीमुळे बंद झालेल्या डेटाबेसला कोणताही फेलओव्हर वाचवत नाही.

पैसे देण्यापूर्वीची परीक्षा

खरेदी आदेशात एक अट घाला: अखेरचा हप्ता प्रत्यक्ष फेलओव्हर करून दाखवल्यावरच. ही परीक्षा फुकट आहे. दुसऱ्या शनिवारी, दिवसअखेर झाल्यावर, आधी स्नॅपशॉट, म्हणजे डेटाबेसची त्या क्षणाची प्रत, घेऊन करा. आरडीएसच्या पडद्यावर 'रीबूट' निवडलं की 'फेलओव्हरसह' असा पर्याय येतो. त्याआधी ॲप्लिकेशन सर्व्हरवर एनएसलुकअप या कमांडनं डेटाबेसच्या नावाचा आयपी काढून कागदावर लिहा. एका माणसाला मोबाइलवरून दर काही सेकंदांनी एक-एक रुपयाची चाचणी पावती करायला बसवा, दुसऱ्यानं घड्याळ धरावं. बटण दाबा.

पावत्या अडकतील, एरर येईल, ते ठीक आहे. दोन-तीन मिनिटांत त्या पुन्हा आपोआप व्हायला लागल्या पाहिजेत. मधे कोणीही सर्व्हरला, सॉफ्टवेअरला, राउटरला हात लावायचा नाही. "जरा सर्व्हिस रीस्टार्ट करतो" असं सॉफ्टवेअरवाला म्हणाला तर परीक्षा नापास. आयपी पुन्हा काढा. तो बदलला असेल आणि पावत्या तरी अडकलेल्या असतील तर दोष सॉफ्टवेअरचा, हे तिथेच सिद्ध झालं. शेवटी मोबाइलवर दाखवलेल्या पावत्या आणि डेटाबेसातल्या पावत्या मोजा. एकही जास्त नको, एकही कमी नको. निकालावर दोघांची सही घ्या, आणि वर्षाच्या देखभाल करारात हीच परीक्षा वर्षातून दोनदा, वेगळे पैसे न घेता, असं लिहून घ्या. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली, सर्व्हर बदलला किंवा शाखा वाढली की ती पुन्हा करायला लावा, कारण सेटिंगच्या फाइलीत आयपी परत शिरतो तो अशाच बदलांच्या वेळी.